‘आगंतुक’ या शब्दाची व्याख्या

४ फेब्रुवारी
सकाळी शिंपीणबाई आल्या. हिचे एखादे शिवायचे राहिलेले कापड परत करायला आल्या असाव्यात, असे वाटले. परंतु त्यांनी पिशवीतून एक पिल्लू काढले. वय सहा आठवडे. ‘तुमच्या कुत्रीला आता पिल्ले झाली की एक माझे’, असे हिने त्यांना सांगून ठेवले होते म्हणे. मला कळवले नव्हते. ही जाऊन तीन महिने झाले, आता त्याची आवश्यकता नाही, असे मी सांगून पाहिले. बाई म्हणाल्या, वहिनींना शब्द दिलाय, मला नाही मोडवत, आणि तुम्हीही मोडू नका.
ठेवून घेतले. तात्पुरते.

६ फेब्रुवारी
प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीहून लहान. पहिला डोस दिला. दुसरा २७ तारखेस, तिसरा त्यानंतर तीन आठवड्यांनी. तोवर पार्व्हो या विषाणूपासून जपायचे. पिल्लू बाहेर नेले नाही म्हणून भागत नाही, त्या म्हणाल्या, बाहेरचे बुटांच्या तळव्यांना लागून आत येते. मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहते. डोळ्यांना दिसत नाही. फिनेलला दाद देत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, तळवे दहा मिनिटे बुडवून ठेवायचे. लागण झालेली लहान पिल्ले पुष्कळदा हाती लागत नाहीत, हे त्यांनी फार सहज सांगितले.
एक छापील पत्रकही दिले. आशय ठीक. भाषा ढिसाळ.

७ फेब्रुवारी
पूर्ण दिवस मसुद्यात गेला. एकतीस वर्षे विद्यापीठाचे नियम लिहिले, उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो. एका विषाणूसाठी नियमावली करणे अवघड नव्हते. पत्रकात ‘घरात येणाऱ्या प्रत्येकाने’ असे मोघम लिहिले होते. ‘प्रत्येकाने’ या शब्दातून कोणीही निसटू शकतो. तिथे ‘प्रत्येक आगंतुकाने’ अशी दुरुस्ती केली आणि व्याख्या जोडली: आगंतुक म्हणजे या घरात वास्तव्यास नसलेली व्यक्ती. कलमे अकरा, पोटनियम चार. आता बोट ठेवायला जागा नाही.
दारावर चिकटवली. दाराशी ब्लीचची बादली, घड्याळ आणि आगंतुकांचे रजिस्टर ठेवले.

९ फेब्रुवारी, दुपार
माजी ग्रंथपाल सपत्नीक समाचाराला आले. दोघांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून अकराही कलमे वाचली. त्यांचे बूट चामड्याचे, नवे. ग्रंथपाल म्हणाले, अहो, तुम्ही निवृत्त झालात हे विद्यापीठाने तुम्हाला कळवले नाही वाटते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, चला, भावोजींना भेटायचे नाहीये. हा आरोप निराधार आहे. मी केवळ कलम तीनकडे बोट दाखवले.
ते बाहेरूनच परतले. रजिस्टरमध्ये नोंद करण्याची वेळ आली नाही. तीन महिन्यांत प्रथमच एक अखंड दुपार मिळाली. नियमावली उपयुक्त आहे.

१२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. शनिवारी चार दिवस राहायला येते म्हणाली. तिच्या प्रवासात तीन वाहने बदलावी लागतात, म्हणजे तीन ठिकाणची धूळ. हे तिला समजावले. ती म्हणाली, बाबा, मी काय विषाणू आहे का. मी म्हटले, तसे कुठेही लिहिलेले नाही. अनवाणी येते, म्हणाली. अनवाणी व्यक्तीसंबंधी तरतूद नव्हती, हे मान्य करावे लागले. संध्याकाळी कलम सातला पोटनियम जोडून ती उणीव दूर केली. मार्चअखेरपर्यंत कोणीही येऊ नये, असे त्यातून निष्पन्न होते.
फोन ठेवताना ती म्हणाली, आईने पिल्लू सोबतीला ठेवलंय तुमच्या, पहाऱ्याला नाही.
वाक्य चांगले आहे. आईवर गेली आहे.

१४ फेब्रुवारी
आजवर एकही आगंतुक आत आलेला नाही. व्यवस्था चोख.
सायंकाळची फेरी नियमित सुरू आहे. साडेपाचला निघणे, मैदानाच्या कडेच्या बाकावर चाळीस मिनिटे बसणे, साडेसहाला परत. आम्ही दोघे बसायचो तोच बाक; परंतु जातो तो केवळ व्यायामासाठी. बाकाखाली एक भटकी कुत्री व्याली आहे. चार पिल्ले. माझ्या बुटांच्या नाड्या ओढतात. सोबत बिस्किटे न्यावीत.

१७ फेब्रुवारी
बाकाखाली आज तीनच पिल्ले. एक कोणीतरी पाळायला नेले असावे. लोकांत भूतदया वाढत आहे, ही समाधानाची बाब.
घरचे पिल्लू दारात वाट पाहत असते. मी आत आलो की बुटांवर झोपते, नाड्या चघळते. शिस्त लावली पाहिजे. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी
बाकाखाली दोन. त्यांपैकी एक झोपलेले होते. बिस्कीट नाकाशी धरले तरी उठले नाही. वास चांगला नव्हता. जमीन ओली होती. पालिकेने स्वच्छतेकडे लक्ष दिले पाहिजे, असे पत्र लिहीन.
ब्लीचचे पाणी रोज नवे करतो. बादलीत अद्याप एकही बूट बुडालेला नाही. पाणी रोज स्वच्छच्या स्वच्छ ओतून द्यावे लागते. मला ती ओलांडून जावे लागते, तेवढी एक गैरसोय.

२१ फेब्रुवारी
बाकाखाली कुत्री एकटी. सर्व पिल्लांना घरे मिळाली.
घरी पिल्लाला खोक्यात झोप लागत नाही, असे निदर्शनास आले. पलंगाची डावी बाजू रिकामीच होती. तिथे सोय केली. जागेचा अपव्यय टळला. मध्येच उठून मी आहे की नाही हे तपासते आणि पुन्हा झोपते. मीही तपासतो.

२४ फेब्रुवारी
सकाळी वाटीला तोंड लावले नाही. काल जास्त खाल्ले असावे. बुटांवर येऊन झोपले नाही, खुर्चीखाली बसून राहिले. अखेर शिस्त लागत आहे.
संध्याकाळी एकदा उलटी, पांढरा फेस. हवा बदलली आहे. फेरी रद्द केली, तीही केवळ हवेमुळे.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७
चादरीवर रक्त. तोच वास. बाकापाशी आला होता तो.

त्याच दिवशी, दुपारी ४
पिल्लू दवाखान्यात, पायाला सलाईन. चाचणी पार्व्होची आली. एक दिवस आधी आणायला हवे होते, असे कंपाउंडर हळू आवाजात म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, घरी कोण कोण आले होते. मी रजिस्टर पुढे केले. पहिले पान कोरे, दुसरेही कोरे. त्यांनी शांतपणे दोन्ही पाहिली आणि म्हणाल्या, सर, तुम्ही स्वतः बाहेर कुठे जाता का. मी सांगितले की फेरीला जातो, परंतु मी आगंतुक नव्हे, त्या घरात माझे वास्तव्य आहे.
त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिले. मग मीही पाहिले. नाड्यांची टोके चघळलेली होती.

२६ फेब्रुवारी
शुद्धिपत्रक: कलम एकमध्ये ‘प्रत्येक आगंतुकाने’ याऐवजी ‘प्रत्येकाने’ असे वाचावे. व्याख्या वगळावी.
बूट दहा मिनिटे बुडवले. मग आणखी दहा. रंग गेला.
दवाखान्यात खुर्चीवर बसायला परवानगी आहे. पिल्लू डोळे उघडे ठेवून पडले आहे. मी आहे की नाही हे तपासत नाही.

२७ फेब्रुवारी
आज दुसऱ्या डोसची तारीख. ठरल्या दिवशी डोस चुकू नये म्हणून मी तसे विचारले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, आता त्याचा उपयोग नाही, आता फक्त तग धरायला हवा. तारीख मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवली होती, हे त्यांना सांगितले. का सांगितले, कळत नाही.
दुपारी शेपटी एकदा हलली. कंपाउंडरही म्हणाला, हलली. उद्यापर्यंत सुधारणा अपेक्षित.

२८ फेब्रुवारी, सकाळी ६.२०
दवाखान्यातून फोन आला. गेले.

१ मार्च
शिंपीणबाईंकडे जाऊन सांगणे भाग होते. उरलेली चार अंगणात चिंध्यांवर लोळत होती. त्यांच्याकडे नियमावली नाही. त्या आल्या-गेल्याला म्हणतात, बाबांनो, चपला फाटकाबाहेर काढा, आणि स्वतःही काढतात, बस. मी झाले ते सांगितले, माझ्या बुटांसकट. त्या बराच वेळ काजे करत राहिल्या. मग म्हणाल्या, वहिनी असत्या तर तुम्हाला दारातच उभं केलं असतं. मग चहा दिला. दुसरे न्या, असे म्हणाल्या नाहीत. मीही मागितले नाही.

३ मार्च
बोलावले नसताना लेक आली. चपला घालून थेट आतपर्यंत गेली, चादर धुवायला काढली, खिडक्या उघडल्या. दारावरची नियमावली तिनेच सोलून काढली. एक कोपरा चिकटून राहिला आहे. मी हरकत घेतली नाही. कोणत्या कलमाखाली घेणार.
डॉक्टरीणबाईंना तिने फोन केला. वर्षभर या घरात लहान पिल्लू आणू नका, असे त्यांनी सांगितले. मग लेकीने विचारले, आणि माणसांना. माणसांना या विषाणूपासून काहीही धोका नाही, असे उत्तर आले. लेकीने ते मला मोठ्याने सांगितले आणि माझ्याकडे पाहत राहिली.
छापील पत्रकातले ते पहिलेच वाक्य होते. नियमावलीत मी ते घेतले नव्हते.