नामानिराळी

प्रिय टिटवे,

तुझा मेसेज मिळाला. चार ओळींत सहा चुका. ‘पत्रकारीता’ असं लिहिणाऱ्या मुलीला त्याच विषयाला प्रवेश कसा मिळतो, हे तुमच्या विभागालाच ठाऊक. पण ते राहू दे. इतकी वर्षं छापखान्यात बसून दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आलेल्या बाईला पोटच्या पोरीचा मेसेजही लाल पेन न घेता वाचता येत नाही, त्याला आता औषध नाही. तू विचारलंस, लॅपटॉप कोणता घेऊ, रेकॉर्डर कोणता घेऊ. आणि शेवटी, जाता जाता सांगावं तसं लिहिलंस, की पहिल्या असाइनमेंटसाठी आत्या तिच्या नोकरीच्या दिवसांबद्दल बोलायला तयार झाली आहे, रविवारी इकडे येऊन तिच्याकडे जाणार. ती ओळ वाचून मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाबांनी विचारलं, काय म्हणते टिटवी. मी म्हटलं, यंत्रांची यादी मागतेय. ते काही खोटं नव्हतं. म्हणून आधी यादीच देते. पत्र कुरिअरने पाठवतेय, शुक्रवारपर्यंत हातात पडेल. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि हे मध्ये तोडून चालणार नाही.

तू सोबत पाठवलेला, तुमच्या विभागाच्या यादीचा तो कागद मी पाहिला. ज्या सरांनी तो तयार केला त्यांनी स्वतःच्या आवाजाखेरीज आयुष्यात काही रेकॉर्ड केलेलं नसावं. बशीसारखा पातळ, चंदेरी लॅपटॉप त्यांनी पहिल्या नंबरावर टाकलाय. देखणा आहे, पण वायर लावायला त्याला जागा एकच. तिथे चार्जर लावायचा, कार्ड वाचायचं की हेडफोन जोडायचा, हे ठरवेपर्यंत तुझी बातमी शिळी होईल. तू आपला जाडजूड, काळा, कुठल्यातरी ऑफिसातून वापरून काढलेला घे. बॅटरी बदलून मिळते का आणि रॅम वाढवता येते का ते विचार. दुकानदार नुसतंच ‘मॅडम, सगळं आहे त्यात’ म्हणाला, तर दुकान बदल. तिथेच बसून अर्धं पान मराठीत टाइप करून बघ. लाजायचं काय त्यात, चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतोच की. आणि घरी आणल्या दिवशीच सगळ्या हार्डडिस्कला कुलूप लावायची जी सोय असते ती चालू कर. पासवर्डला मांजराचं नाव देऊ नकोस, ते अख्ख्या होस्टेलला माहीत आहे. खोलीतली मैत्रीण ‘जरा दे ना गं’ म्हणाली तरी लॅपटॉप द्यायचा नाही. तुला वाटेल, माझ्या फाइली बघायला कोण येतंय. मलाही तसंच वाटायचं.

रेकॉर्डरला खरीखुरी बटणं हवीत. काचेवर बोट फिरवून चालू होणारा नको, घाबरलेल्या माणसाचं बोट घामेजलेलं असतं आणि ते काचेला कळत नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा बघ. ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. आत बसवलेली बॅटरी नेमकी मुलाखत रंगात आली की मान टाकते. यादीतला तो तिसरा, बोललेलं आपोआप कुठल्याशा कंपनीच्या संगणकावर चढवून लगेच लिहूनही देणारा, ज्याच्यावर तुझा जीव जडलेला दिसतोय, तो अजिबात घेऊ नकोस. समोरची बाई तुझ्याशी बोलायला तयार झालेली असते, कंपनीशी नाही. हेडफोन वायरचे, कान पूर्ण झाकणारे घे आणि ते कानांवरच ठेव. गळ्यात घातलेले फोटोत छान दिसतात, तेवढाच त्यांचा उपयोग. समोरचा बोलत असताना नुसती मान हलव, हं-हं करू नकोस, नंतर ऐकताना स्वतःचाच गळा दाबावासा वाटतो. पंखा बंद करायला सांग, फ्रिजही. फ्रिज पुन्हा सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून आपल्या घराची किल्ली त्यातच ठेव. दोन ठिकाणी लोकांचं दूध नासवल्यावर सुचलेली ही युक्ती आहे.

आता एक सवय सांगते, कारण ती तुम्हालाही पहिल्याच आठवड्यात लावतील. यंत्र चालू केलं की आधी आपल्या तोंडाने तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं पूर्ण नाव बोलायचं. पत्रकारितेच्या वर्गात आमचे सर पाढे म्हणून घ्यावेत तसं हे म्हणून घ्यायचे, तारीख, ठिकाण, नाव. पुढे शंभर कॅसेटी साठल्या की कुठली कुणाची ते कळावं म्हणून. शहाणपणाचीच सवय आहे. माझ्या जिभेवर ती इतकी बसली होती की टेप फिरायला लागली की तोंड आपोआप चालू व्हायचं. आत्यामध्ये आणि माझ्यामध्ये काय झालं, असं तू लहानपणी विचारायचीस तेव्हा तुला ‘जुनी कुरबुर’ एवढंच सांगितलं गेलं. कुरबुर भांडी घासण्यावरून होते, बाळा. ही त्या सवयीवरून झाली.

वीस वर्षांपूर्वी आत्या, म्हणजे माझ्या वन्सं, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. बाबांचं कॉलेज त्यांच्याच नोकरीवर झालं, हे तुला माहीत आहे. मी एका दैनिकात नवी वार्ताहर होते. ऑफिसने मला विटेएवढा रेकॉर्डर दिला होता आणि मी तो तान्ह्या लेकरासारखा सांभाळत फिरायचे. एका दुपारी पहिली पाळी संपवून वन्सं आमच्याकडे आल्या. हात धुतले तरी बोटांना डिंक राहिलेला. तो नखाने खरवडत त्यांनी सांगितलं, की दोन महिने झाले, मुदत संपलेल्या बाटल्या टबात भिजवून लेबलं काढायला लावतात आणि नव्या तारखेची चिकटवायला. लहान मुलांचं खोकल्याचं औषध. त्या वार्ताहराला सांगत नव्हत्या, भावजयीला सांगत होत्या. मीच मागे लागले, की हे टेपवर सांगा. एका अटीवर तयार झाल्या, नाव कुठेही यायचं नाही. मी हो म्हटलं. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, दोन बटणं दाबली, आणि माझ्या तोंडाने तारीख सांगितली, आमचं स्वयंपाकघर सांगितलं, आणि वन्संचं नाव, आडनाव, खातं, पाळी सगळं सांगून टाकलं. त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या.

“सवय हो, वन्सं,” मी म्हटलं. “नंतर पुसते.”

त्यांनी विश्वास ठेवला. चाळीस मिनिटं बोलल्या, बॅच-नंबर तोंडपाठ असल्यासारखे सांगितले. आवाज लख्ख आला, कारण फ्रिज तेव्हा आमच्याकडे नव्हताच.

पुसायला लागतं काय? टेप सुरुवातीला न्यायची, माइकची वायर काढायची, तीच दोन बटणं पुन्हा दाबायची आणि वीस सेकंद थांबायचं. ते झालं नाही. संध्याकाळी संपादकांनी कॅसेट मागितली, वकिलांना ऐकवायची म्हणाले, मी दिली. दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. वन्संचं नाव तिच्यात अर्थातच नव्हतं. माझं होतं, ठळक अक्षरात. मग कंपनीचे दोन साहेब ऑफिसात आले, आणि दोन्ही बाजूंना न्याय मिळाला पाहिजे म्हणून संपादकांनी त्यांना चहा पाजून कॅसेट ऐकवली. सुरुवातीपासून ऐकवली. तीन दिवसांनी वन्संना वर बोलावलं गेलं. लेबलं त्यांनीच निष्काळजीपणे चुकीची लावली, अशा कागदावर सही घेतली आणि काढून टाकलं. त्या धंद्यात पुन्हा त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. कंपनीचा खुलासा आला तो माझ्याच टेबलावर येऊन पडला, नीट लिहून दे म्हणाले. दिला. पाचवं पान, चार ओळी, ‘एका महिला कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे’ अशी सुरुवात, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. महिन्याभराने मी नोकरी सोडली. लोकांना वाटलं, तत्त्वासाठी सोडली. मी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

घरात मी एकच शब्द सांगितला, विसरले. पुसायचं विसरले. तेव्हा तू पोटात होतीस, चौथा महिना लागला होता, त्यामुळे मला कुणी चकार शब्द बोललं नाही. बाबा म्हणाले, कामाच्या गडबडीत विसरतो माणूस, तू जिवाला लावून घेऊ नकोस, तुला या दिवसांत सोसायचं नाही. तू जगात यायच्या आधीच मी तुझ्या आडोशाला उभी राहिले. वन्संनी मला जाब विचारला नाही. तू झालीस तेव्हा आल्या, मी अंघोळीला गेले तेवढ्यात तुला मांडीवर घेतलं, स्वतः शिवलेली टोपी घातली आणि मी बाहेर यायच्या आत निघून गेल्या. आजही फोन मी उचलला तर “त्याला दे,” एवढंच बोलतात. वीस वर्षांत दोन शब्द. त्या आपल्या दोन खोल्यांत बसून लोकांच्या पॅंटच्या चेनी बदलतात, बाह्या आखूड करतात, आणि तुझे दहावीपर्यंतचे सगळे कपडे तिथूनच आले, तुझी मापं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. खरं सांगू का, मला त्यांचा रागही येतो. भांडल्या असत्या, चार लोकांत माझ्या थोबाडीत दिली असती, तर मी सुटले असते. त्यांनी मला सुटू दिलं नाही. आणि आता बोलायचं ठरवलं ते माझ्या पोरीपुढे, तिच्या नव्या यंत्रापुढे. मी त्यांच्याच शहरात, तीन थांब्यांवर राहते, पण माझ्यापुढे नाही.

तर रविवारी नीट जा. शिलाईचं मशीन बंद करून घे, रेकॉर्डरखाली कापडाची घडी ठेव, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. तारीख बोल, ठिकाण बोल आणि तिथेच थांब. नाव वहीत लिही आणि ती वही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नकोस. फाइलला ‘आत्या’ असंही नाव देऊ नकोस, नुसता आकडा दे. ती स्वतःहून म्हणाली की माझं नाव येऊ दे, तरी लगेच हो म्हणू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. मध्येच गप्प झाली तर ती शांतता भरून काढायला जाऊ नकोस, तिला ती लागेल. काही पुसते म्हणालीस, तर तिच्यासमोर पूस आणि तिला ऐकवून दाखव.

हे पत्र यंत्रांसाठी नाही, हे तुला केव्हाच कळलं असेल. तुला माझी बाजू घ्यायची खोड आहे. रविवारी आत्या बोलायला लागली की तू बाबांसारखी म्हणशील, आई विसरली होती गं. त्या एका वाक्याच्या भीतीने मी लिहायला बसले. त्या दुपारी वन्सं गेल्यावर मी ऑफिसला निघाले. बस जवळजवळ रिकामी होती, वाट पाऊण तासाची, रेकॉर्डर मांडीवर. मी टेप सुरुवातीला नेली. माइकची वायर काढली. दोन बटणांवर दोन बोटं ठेवली. आणि उचलली. नाव नसेल तर संपादक माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, बातमी आतल्या पानावर जाईल, हा विचार मी अगदी शांत डोक्याने केला होता आणि तो मला आजही शब्दन्‌शब्द आठवतो. मी विसरले नव्हते. बाबांना हे माहीत नाही, हे पत्र टाकून आल्यावर आज त्यांनाही सांगणार आहे. वन्संना त्या दिवसापासूनच माहीत असावं, नाहीतर एवढी वर्षं कुणी विसरण्यावर रागावत नाही. तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. आत्याचं नाव जिवापाड सांभाळ. आणि बोलता बोलता ती माझं नाव घेईल, तेव्हा यंत्र थांबवू नकोस, नंतर ते पुसूही नकोस. वीस वर्षं मी नामानिराळी राहिले, आता पुरे झालं.

तुझीच,
आई