उभा प्रवास

प्रिय छोट्या,

तुझा निरोप मिळाला. तीन वर्षांत फिरकला नाहीस, आणि आता येतोयस तो बाबांच्या गाडीसाठी! मित्रांना घेऊन समुद्रापर्यंत जायचंय, जुन्या गाडीतून फिरण्यात म्हणे वेगळीच मजा असते. मला हुकूम सोडलायस की गाडी जरा पुसून, पेट्रोल भरून ठेव. वा रे राजे! पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली गाडी, पुसली की झालं. बाबा रोज फाटकापाशी जाऊन तुझी वाट बघतात, पण ते कसे आहेत हे विचारायला तुला सुचलं नाही. एक ओळ पुरली असती.

तर ऐक, तुझी मजा कशी तयार होते ते. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरवर उंदरांनी संसार थाटलेला. पंख्याचा पट्टा इतका चिरलेला की मेकॅनिकने तो नुसता माझ्यापुढे धरला. रेडिएटरचे पाइप दाबले तर शिळ्या पापडासारखे करकरले. टायर वरून छान, नक्षीसुद्धा शाबूत, आणि बाजूने भेगाच भेगा. नुसत्या दिसण्यावर जाऊ नये हे मी तुझ्याकडे बघून केव्हाच शिकलेय, म्हणून चारही बदलले. ब्रेकचं तेल काळंकुट्ट होतं, तेही बदललं. आणि डॅशबोर्डवर तुझी एक आठवण सापडली. गेल्या खेपेला इंजिन तापल्याचा दिवा लागला, तेव्हा डोळ्यांवर येतो म्हणून तू त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली होतीस! देवाने अक्कल वाटली तेव्हा तू कुठे उलथला होतास कोण जाणे. ती पट्टी मी नखाने खरवडून काढली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. तिचा पट्टा अडकत होता, नवा बसवला. त्या बाजूची काच उतरत नव्हती, ती दुरुस्त केली, कारण काच बंद असली की मळमळतं. गुडघे फार दुमडावे लागू नयेत म्हणून सीट मागे सरकवून घेतली आणि पाठीला एक उशी शिवली. मित्रांचे एवढे लाड कशाला, असं तुला वाटेल. वाटू दे.

काल संध्याकाळी उभा प्रवासही केला. तुला कुठलं आठवायला! लांब जायच्या आदल्या दिवशी बाबा आपल्या सगळ्यांना सामानासकट गाडीत बसवायचे, इंजिन चालू करायचे आणि अंगणातून चाक हलवायचे नाहीत. इंजिन तापतंय का, खाली काही गळतंय का, हे दारातच कळलं पाहिजे, वाटेत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारीपाजारी हसायचे. आई मागच्या सीटवर खुशाल भाजी निवडत बसायची. तुझं मात्र नेमकं तेव्हाच पोट दुखायचं, आणि सकाळी खिडकीच्या जागेवर सगळ्यांच्या आधी हजर! बाबा कधी रागावले नाहीत. रागवायला हवं होतं.

काल आम्ही दोघंच बसलो, मागे सामान. तापमानाचा काटा मधोमध राहिला, खाली थेंब नाही. मी इंजिन बंद केलं तशी बाबांनी केस सारखे केले आणि विचारलं, पोचलो का हो छोट्याकडे? मला ‘हो’ लावून, छोट्या. गेल्या महिन्यापासून मी त्यांच्या लेखी कुणीतरी भली बाई आहे, गाडी बरी चालवते. जो ढुंकून बघत नाही त्याचं नाव तोंडात, आणि जी भरवते ती परकी. फार राग आला. तुझा तर आलाच, त्यांचाही आला. उतरले आणि नळाखाली तोंड धुतलं.

म्हणून लिहितेय. समुद्र राहू दे, मित्रांना म्हणावं बसने जा. शेजारची सीट भरलीय. तू ये, गाडी घेऊन जा, पण तुझ्या घरी, बाबांना शेजारी बसवून. मागे मी असेनच, तुझ्या भरवशावर मी मांजरसुद्धा पाठवणार नाही. वाटेत थांबत जा, काच उघडी ठेव, आणि तोच प्रश्न शंभरदा विचारला तरी शंभरदा उत्तर दे. डॉक्टर म्हणतात, उरलेली नावंही जातील, कधी ते सांगता येत नाही. माझं गेलं. तुझं अजून आहे. ते जाण्याआधी एकदा तरी त्यांच्या हाकेला ओ द्यायला ये.

दुसरा इलाज नाही म्हणून तुझीच,
ताई