पुसलेला अपॉस्ट्रॉफी

नाशिक,
ता. ८ ऑगस्ट २०००

ती. सौ. स्नेहलताईंना,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोन आईंच्या पलंगाशेजारीच आहे आणि त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बोलणं मला जमत नाही, म्हणून पत्र. घाबरू नका, बातमी चांगली आहे. निदान मला ती चांगली वाटते; ह्यांनी अजून मत दिलेलं नाही.

यंदा जूनपासून पहिलीला इंग्रजी आलं आणि आम्हा बाईलोकांची तारांबळ उडाली. प्रशिक्षणात दिलेलं व्याकरण मी संध्याकाळी आईंच्या खोलीत बसून मोठ्यानं पाठ करते. सासूबाईंनी उभा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि सुनेचं हे असं! पूर्वी त्यांच्यापुढे एक इंग्रजी वाक्य बोलायची माझी छाती नव्हती. फेब्रुवारीत अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, तशी माझी ती भीतीही गेली. लिहितानासुद्धा वाईट वाटतं.

काल मी 'माझं, आमचं, तुझं' यांची इंग्रजी रूपं म्हणत होते. माइन, अवर्स, युअर्स, इथवर आले आणि पुढचं आठवेना. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, हिज, हर्स, इट्स, देअर्स. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा! ताई, ज्या तोंडातून 'पाणी' एवढा शब्द निघत नाही, त्या तोंडातून. मी पुन्हा सुरुवात केली, त्यांनी पुन्हा पुरं केलं. मग पाणी हवं का विचारलं, तर नुसते ओठ हलले.

हे काय असेल, ताई? मला तर देव्हाऱ्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

आपली,
हर्षाली

सटाणा,
ता. १९ ऑगस्ट २०००

चि. सौ. हर्षाली हिस,
स्नेहलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कांद्याच्या चाळीत उभ्यानंच वाचलं आणि पदरानं डोळे पुसले. ती यादी मी कशी विसरेन? शेखर त्यात 'हर्स'पाशी अडायचा आणि आई त्याला ओट्यावर उभं करायची. विचार तुझ्या नवऱ्याला.

पण हर्षाली, मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं घोकलेलं, पाढे, आरत्या, असं वाचा गेल्यावरही पुष्कळदा तोंडातून येतं. ते आपोआप येतं. त्यावरून माणसाला समजतंय असं धरता येत नाही. उगाच आशा लावून घेऊ नकोस, मागून त्रास होतो.

दुसरं असं, की शेखरचं आणि माझं फोनवर ठरलंय. भाऊबीजेला मी येईन आणि आईला इकडे घेऊन येईन. तुझी नोकरी, घर लहान; इथे माणसांची ददात नाही. तुझ्या सेवेत काही कमी पडलं असं मनातही आणू नकोस. आईला मात्र इतक्यात सांगू नकोस. तिला कळायचं नाही, आणि कळलं तर जिवाला लावून घेईल.

तब्येतीला जप. माया आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझी,
स्नेहलताई

नाशिक,
ता. १० सप्टेंबर २०००

ती. सौ. स्नेहलताईंना,
शि. सा. न. वि. वि.

आईंना कळायचं नाही आणि कळलं तर लावून घेतील, असं तुम्ही एकाच दमात लिहिलंत. ते वाचून हसू आलं आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

परवाचं सांगते. मुलांसाठी पाटीवर गाय-वासराचं चित्र काढलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, गाय आणि तिचं वासरू. 'रामाचं' लिहिताना रामापुढे तो वरचा स्वल्पविराम देतात, अपॉस्ट्रॉफी. मग 'तिचं'साठी लिहायच्या 'इट्स'मध्येही हवा, म्हणून मी ठसठशीत दिला. पाटी तक्क्याला टेकून बसलेल्या आईंच्या डाव्या हाताशी ठेवून दूध बघायला गेले. परत येते तो पाटी त्यांच्या मांडीवर. डाव्या हाताचा अंगठा ओला करून त्यांनी तेवढा एक अपॉस्ट्रॉफी पुसला होता. बाकी एका अक्षराला धक्का नाही.

पुस्तक काढून बघितलं. तो दिला की अर्थ होतो 'ते आहे'. म्हणजे मी लिहिलं होतं, गाय आणि ते आहे वासरू! 'तिचं' म्हणायचं तर तिथे कसलीच खूण लागत नाही. हे घोकलेलं नव्हतं, ताई. त्यांनी वाचलं, चूक ओळखली, दुरुस्त केली. डोळे वर करून माझ्याकडे बघितलंही, अगदी परीक्षेत बघायच्या तसं. इतके महिने त्या आत होत्या आणि आम्ही त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या औषधांच्या, अंथरुणाच्या गोष्टी करत होतो. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि आनंदानं नाचावंसंही वाटलं.

आईंना न्यायचं तर जरूर न्या. पण एकदा त्यांना विचारा. मी भाऊबीजेला घोटीला माहेरी जाईन, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघून त्या उत्तर देणार नाहीत. रागावला नाहीत ना? मनात जागा असू द्या.

आपली,
हर्षाली

नाशिक,
ता. ३१ ऑक्टोबर २०००

चि. सौ. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद.

शेखर फोन करतो म्हणत होता, मी करू दिला नाही. हे मलाच लिहायचं होतं.

खरं सांगते, विचारायचं माझ्या मनात नव्हतं. तुझं पत्र पटलं होतं, पण पाटी पुसली गेली असेल चुकून, असंही वाटत होतं. आमच्या चाळीवरच्या गेणूनं सटाण्याहून आणलेली जीप दाराशी लावली, आईची पातळं पिशवीत भरून झाली. शेखर तिला उचलायला वाकला आणि तिनं डाव्या हातानं पलंगाची कड पकडली. तिची बोटं सोडवायला मीच पुढे झाले. हातात हात घेतला, आणि मला तिच्याकडे बघावं लागलं. हर्षाली, ती माझ्याकडे बघत होती.

मी खाली बसले. विचारलं, आई, सटाण्याला येतेस का माझ्याकडे? तिचं तोंड वाकडं झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शेखर म्हणाला, राहू दे, तिला त्रास होतोय. मी त्याला हातानंच थांबवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती म्हणाली, नाही. तिनं पुन्हा ओठ जुळवले आणि म्हणाली, नाही गं.

तो 'गं' ऐकलास तू? मी कोण हे तिला ठाऊक होतं, आणि मला वाईट वाटेल हेसुद्धा. आईचे नकार ऐकतच मी मोठी झाले. पण या नकारापुढे मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आई बोलली म्हणून दारातून गेणू त्याच्या अहिराणीत ओरडला, माय बोलनी, माय बोलनी! शेखर मागच्या ओट्यावर जाऊन लहान पोरासारखा रडला.

गेणूला चहा पाजून रिकामी जीप परत पाठवली. पातळं मी माझ्या हातानं पुन्हा कपाटात लावलीत. तू येईपर्यंत मी आहे. सावकाश ये, पण ये. तुझ्या मायेवर आता माझाही हक्क असू दे.

तुझी,
स्नेहलताई