शांती मिळाली असं म्हणू का, आई?

प्रिय आई,

सलाम! तुला जाऊन महिना होत आला. परवाच्या रविवारी आपल्या डोंबिवलीच्या चर्चमध्ये तुझ्या स्मरणार्थ उपासना आहे. साक्षीच्या वेळी, देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायला, मी उभं राहायचं, असं सगळ्यांनी मला न विचारताच ठरवलंय. म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कोणाला विचारू?

काल ठाण्याहून मावशीचा फोन आला. "अगं शीले, दोनच वाक्यं बोल. आई प्रभूमध्ये झोपली, आम्हाला शांती मिळाली. बस."

"पण मला मिळाली नाहीये, मावशी."

"म्हटलं की मिळते. तू आधी म्हण तर!"

तुझीच धाकटी बहीण! हसलीस ना? मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र रडले. खरं सांगू? तू गेल्यापासून मला प्रार्थनाच करता येत नाही. डोळे मिटते, "हे स्वर्गीय पित्या" म्हणते, आणि पुढे काही सुचतच नाही. तिकडे कोणी ऐकतंय का, हेच कळेनासं झालंय.

मग पप्पा गेल्यानंतरची तुझी साक्ष आठवली. आपल्याकडे साक्ष म्हणजे मुलगा पास झाला, नोकरी लागली, शुगर उतरली. दुःखाची साक्ष असली तरी तिचा शेवट गोडच व्हावा लागतो. तू उभी राहिलीस, पदर सावरलास. "मंडळीला सलाम. मला देवाचा राग आलाय. सध्या एवढंच," म्हणालीस आणि खाली बसलीस! तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी सवयीने मोठ्यांदा "आमेन" म्हटलं. काय लाजले होते गं मी तेव्हा!

बाहेर पाळकसाहेबांनी तुला गाठलं. "बाई, अशानं नव्या लोकांचा विश्वास डळमळतो."

"माझाही डळमळतोय, साहेब. मग तो काय घरी ठेवून येऊ?"

आणि त्याच दुपारी तू वरच्या मजल्यावर निघालीस, जोशी काकूंना अंघोळ घालायला. अर्धांगवायूनं त्या अंथरुणात होत्या. त्यांच्या सूनबाईंची ड्यूटी असली की तूच जायचीस. मी वैतागून म्हटलं, "देवावर रागावलीयेस ना? मग आज तरी राहू दे."

"भांडण माझं त्याच्याशी आहे. काकूंनी काय केलंय?"

एवढं बोलून टॉवेल खांद्यावर टाकून तू जिना चढलीसही. विश्वास ठेवणाऱ्यानं कसं जगावं यावर मी खूप प्रवचनं ऐकली असतील, आई. आठवतो तो तुझा ओला पदर. खाली आलीस तेव्हा त्याला काकूंच्या साबणाचा वास येत होता.

तो राग कधी गेला गं तुझा? एकदम, की हळूहळू? हे सांगून जायला हवं होतंस! लोणच्यात मीठ किती घालायचं ते चारदा सांगितलंस, आणि हे नाही!

तरी तुझे उपकार किती! शंका मनात असतानाही चर्चमध्ये बसता येतं, शेजाऱ्याचं काम करता येतं, हे मला तुझ्या घरात बघायला मिळालं. आपल्यातल्या कितीजणींना तेवढंही मिळत नाही.

तर ऐक, वचन देते. रविवारी मी उभी राहीन. शांती मिळाली असं म्हणणार नाही. मावशी रुसली तर रुसू दे. प्रार्थना अडलीय, हे सांगेन. आणि तू मिळालीस म्हणून आभार मानीन. ते आभार तुझे की त्याचे, हे मला अजून वेगळं करता येत नाही. येईल तोवर दर रविवारी जाऊन बसत राहीन.

तुझीच,
शीला