मायच्या कोहळ्याचं बी

श्रावण शु. १२, शके १७८६
मायनं राखलेलं कोहळ्याचं बी उंदरांनी खाल्लं, त्यातून हा एकच वेल वाचला. दादा म्हणे, "उपट त्याले, तिथं कपाशी लावू." कपाशीबिगर काई सुचतच नाई त्याले. कपाशीचा भाव चढला अन् अख्ख्या गावानं भाजीच्या वाड्या मोडल्या! माय जाऊन दीड वरीस झालं. हा वेलही गेला तं... नाई जाऊ देत.

श्रा. व. २
शेजारच्या सदोबाचं कोहळं पाणचट. त्याच्या फुलावरच्या माशा इकडं आल्या की पुढल्या साली आपलंही तसंच निघते. माय करायची तसं केलं. उद्या उमलणारं एक नर फूल, एक मादी. सांजेलेच दोघांची तोंडं दोऱ्यानं बांधली.

श्रा. व. ३
पहाटे सोडली. नराच्या पाकळ्या खुडून आतला पिवळा दांडा मादीत घासला. परत बांधलं. फळाच्या देठाले खुणेचा लाल दोरा. बायकोनं बोट दाखवलं तं ओरडलो, कोवळं फळ सडते न! "तुमी हात घालता, अन् म्या बोटही नाई दाखवायचं?" हसत गेली.

भाद्रपद शु. ८
धरलं! घागरीएवढं झालं. बाकीची फळं खाऊन टाकू, हे मातर बियासाठी, देठ वाळेस्तोवर वेलावरच.

भा. व. ६
मायचं श्राद्ध. परतवाड्याहून बैल घेऊन आलो तं पानावर कोहळ्याची भाजी. दादाची बायको म्हणे, "लाल दोरा पाह्यला भाऊजी, वाटलं तुमी मायसाठीच राखलं." अजून कच्चं होतं वो! असा राग आला. पण वयनी मायच्या आठवणीनं रडून राहिली होती. कावळ्याचं पान म्याच बाहेर ठेवलं. कावळा लगेच शिवला.

भा. व. ७
वयनीनं बी राखेत घोळून सुपात वाळू घातलं. "मायचं हाय, एक बी फेकलं नाई." चिमटीत दाबून पाह्यलं. चपटं, आत गर नाई. त्यातलं थोडंच बी जाड लागते. "बरं केलं वयनी," म्हटलं.

आश्विन शु. ३
दादानं वेल उपटला. उगवते का पाहाले म्या जाड बी मडक्यात लावलं. वयनी रोज माझ्याआधी तिथं. बायको विचारते, "नाई उगवलं तं तिले काय सांगसान?"

आ. शु. ९
मडक्यातली माती जराशी उचलल्यासारखी दिसते. वयनी म्हणे कोंब. मले मुंगळ्यांचं काम वाटते. उकरून पाहाले हात धजत नाई.