आत्याची फळी

२ सप्टेंबर

आत्याचं प्लास्टर निघालं. डावं मनगट जुळलंय, पण वाकडं. पेला धरता येतो, कांदा दाबून धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, "आता एवढंच." त्यावर आत्या— "एवढंच म्हणजे? स्वयंपाक काय तुम्ही येऊन करणार?" डॉक्टर हसले. ती हसली नाही.

ती तळमजल्यावर एकटी राहते. आई आणि मी त्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर. आईने जाहीर केलं— "सकाळी जाऊन भाजी चिरून देत जाईन. माणुसकी म्हणून." म्हणजे प्रेमाने नाही, हे ऐकणाऱ्याने नोंदवून घ्यावं. घेतलं.

५ सप्टेंबर

बाबा गेले त्या दिवशी आत्या भरल्या घरात आईला म्हणाली होती, "माझ्या भावाला वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर!" त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून ना आत्या आमचा जिना चढली, ना आईने तिला ये म्हटलं. निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या आत्याला सांग, उद्या पाणी येणार नाहीये." "तुझ्या आईला सांग, मला माहीत आहे." मी टपालखातं.

आता मात्र रोज सकाळी दोघी एका ओट्यापाशी. आई परत येते ती तणतणतच. "कोबी म्हणे अजून बारीक हवा! मी काय वन्संची मोलकरीण? त्यात स्वतःच्या गोष्टी सांगत बसतात, हात म्हणून चालू देत नाहीत."

मला उपाय दिसतोय. एका हाताने चिरता येईल अशी फळी. आई सुटेल, आत्याला कुणाचे उपकार नकोत. सोपं आहे.

७ सप्टेंबर

आमच्या डिझाइन स्टुडिओच्या सरांनी हो म्हटलं! स्वयंपाकघरातल्या वस्तू करणारी एक कंपनी नाहीतरी असं काहीतरी शोधतेय. एक हात कमजोर असलेल्यांसाठी. दुसरा एक स्टुडिओही याच कामाच्या मागे आहे. म्हणजे जो आधी दाखवेल त्याचं.

सरांची अट नेहमीचीच. वस्तू आधी एका खऱ्या घरात जाऊन राहिली पाहिजे. शेवटच्या दिवशी ते स्वतः तिथे जाऊन उभे राहतात, बघतात. त्यांनी मान हलवली तरच साचा. "साचा एकदा कापला की चूक लाखांत छापली जाते, बाई." घर आत्याचं. तारीख दहा ऑक्टोबर. कंपनीची माणसंही सोबत येणार.

पास झाली तर माझी पहिली स्वतःची वस्तू. आत्तापर्यंत माझ्या खात्यात काय? साबणाच्या डबीचं झाकण आणि एका कंगव्याचे दात. कंगवा सरांचा. दात माझे.

८ सप्टेंबर

माझी पद्धत एकदा इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसात वस्तूंचे रंग ठरवणारा रंगवाला तिच्यावर हसतो.

विचारायचं नाही. बघायचं. लोकांना विचारलं की ते "छान आहे" म्हणतात, कारण तुम्ही समोर उभे असता. शेजारच्या काकूंना त्यांचा नवा कुकर "एकदम मस्त" वाटतो. आणि दांड्याला तीन घड्यांचं फडकं गुंडाळलेलं! ते फडकं खरं. मी घरोघरी फडकी बघत फिरते. रबरबँड, सुतळी, चिकटपट्टी, दाराखाली दुमडून घातलेला पुठ्ठा. जिथे माणसाने स्वतः काहीतरी बांधलंय तिथे कुणीतरी डिझायनर झोपला होता.

कॅमेराही फक्त हातांवर. चेहरा आला की माणूस नाटक करतो. हात नाटक करत नाहीत. मदत करायची नाही, "अगं अशी धर" म्हणायचं नाही. माणूस चुकला तर वस्तू चुकली.

रंगवाला म्हणतो, "तुझ्या लग्नात नवऱ्याचेही आधी हातच बघशील." बघेन की.

१३ सप्टेंबर

पहिला नमुना तयार, रात्री घरी घेऊन आले. लाकडाची फळी, एका बाजूला स्टीलचे तीन खिळे. कांदा, बटाटा त्यावर टोचायचा, तो हलत नाही. कोपऱ्यात उंच कड, पाव टेकवायला. खाली चार रबरी पाय, ओट्याला घट्ट चिकटणारे. दाबून बसवली की उचलायला दोन माणसं लागतात. ऑफिसात सगळ्यांनी ओढून बघितलं. सरांनीही. नाही हलली.

१४ सप्टेंबर

आत्याकडे हलली. नुसती हलली नाही, गाजरासकट भिंतीपर्यंत गेली.

आत्या— "ही फळी आहे का घसरगुंडी?"

आई दारातून बघत होती. "राहू दे गं. मी आहे ना." आणि सुरी घेऊन बसली.

१७ सप्टेंबर

रबर बदललं. मऊ घेतलं. सरकली.

२० सप्टेंबर

ओट्याचा दगड तपासला. ऑफिसात त्याच जातीचा दगड मागवला, त्यावर ओलं करून, साबण लावून, पीठ टाकून बघितलं. नाही सरकत. घरी आणली, सकाळी आत्याकडे नेली— सरकली. मी म्हटलं, ओटा तिरका असेल. पातळी मोजायची पट्टी लावली. आत्या म्हणाली, "आता घर पाडणार का?"

मी चिडत नाही. हे कामच असं आहे. पण रात्री जेवताना आईने "झालं का तुझं?" विचारलं तेव्हा ताटावरून उठले, हे खरं.

२४ सप्टेंबर

पायांचा आकार बदलला. आता वाटीसारखे खोलगट. खर्च वाढला म्हणून कंपनीच्या माणसाने तोंड वाकडं केलं. सर म्हणाले, "दुसरं घर बघायचं का?" मी नाही म्हटलं. एका घरात सरकते ती दहा घरांत सरकेल.

आत्या बिचारी रोज प्रामाणिकपणे प्रयत्न करते. टोचते, दाबते, सुरी लावते— घसरली! मग आईकडे बघते. आई म्हणते, "द्या इकडे." मग दोघींची रोजची जुंपते. मीठ किती, कोथिंबीर कुणी आणायची, दूधवाला कसा लबाड. मी कॅमेरा बंद करून निघते. त्या भांडणाचा मला उपयोग नाही.

२७ सप्टेंबर

आज कॅमेरा लावून झाल्यावर कळलं, आत्याची अंघोळ व्हायचीय. मी वर जाऊन चहा प्यायले. कॅमेरा चालूच राहिला.

दुपारी ऑफिसात बसून बघत होते. नुसता ओटा. त्यावर फळी. मग एक हात आला. आत्याचा नाही. अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग. फळी उलटी केली. बोटावर तेल घेतलं. आणि एकेका रबराला लावलं— सावकाश, गोल गोल, बाळाच्या टाळूला लावतात तसं. चारही पाय झाले. फळी होती तिथे ठेवली, वर फडक्याने पुसून घेतली. हात गेला.

आईचा हात.

पुन्हा लावून बघितलं. तोच.

निष्कर्ष— रबर निर्दोष. मी दोन आठवडे आईच्या तेलाशी झुंजत होते! रंगवाला विचारत होता काय झालं एवढी हसतेस. मी हसत होते हे मला माहीत नव्हतं. नंतर रागच आला. कंपनीसमोर माझी शोभा झाली त्याचं काय?

२८ सप्टेंबर

आईला काही विचारलं नाही. माझी पद्धत आहे. संध्याकाळी फळी वर घेऊन आले, साबणाने धुतली, माझ्या कपाटात ठेवली.

२९ सप्टेंबर

सकाळी मीच खाली नेली, मीच बसवली, आणि तिथेच उभी राहिले. आई आली. तिला ओट्याजवळ जायला जागाच ठेवली नाही.

आत्याने कांदा टोचला. चिरला. गाजर. काकडी. मग अख्खा कोबी, चार तुकडे करून. फळी जागची हलली नाही. आत्या सुरी हातात धरून तशीच थांबली. म्हणाली, "जमलं की गं." आनंद झाल्यासारखं नाही म्हणाली. मी फक्त हात बघत होते, म्हणून आवाजाकडे लक्ष गेलं नाही. हे मला आता लिहिताना आठवतंय.

आई म्हणाली, "चला. सुटले एकदाची." कोरडेच हात पदराला पुसले आणि वर निघून गेली.

सरांना फोन केला. "शाब्बास!" म्हणाले. दहा तारीख पक्की.

३ ऑक्टोबर

आई खाली जात नाही. कारणच उरलं नाही ना.

आमची भाजी चिरते. कोबी इतका बारीक चिरते की शिजला की दिसत नाही. मी म्हटलं, एवढा बारीक कशाला? "सवय लागली." मग खुर्चीवर बसते. रेडिओ लावते, बंद करते. काल मला विचारलं, "तुझ्या आत्याचं बरं चाललंय ना?" म्हटलं, मस्त. "हं."

टपालखातं पुन्हा सुरू.

५ ऑक्टोबर

आत्याकडचं चित्रण बघितलं. फळी अगदी हवी तशी वागते. आत्या सराईत झालीये. रोजची भाजी दहा मिनिटांत. पण चिरून झालं तरी हात ओट्यावरच राहतो. बराच वेळ. सुरीही ठेवत नाही. एकदा तिने दोन कांदे जास्तीचे चिरले आणि ते वाटीत झाकून ठेवले.

सरांना हे दाखवलं असतं तर म्हणाले असते, "बघ, किती निवांत झाल्या."

७ ऑक्टोबर

आज विचारलं. पद्धत मोडली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "तेल का लावत होतीस?"

वाटलं, कानावर हात ठेवेल. नाही ठेवले. टॉवेलची घडी पूर्ण केली, तिच्यावर दुसरी ठेवली. मग म्हणाली, "त्या तुझ्या बाबांचं बोलतात गं."

मी शेजारी बसले.

"भाजी चिरताना. लहानपणचं. एकदा शाळेला दांडी मारून हे झाडावर बसले, आणि खाली सासरे त्यांनाच शोधत उभे! दोन तास उतरता येईना. सासऱ्यांची नजर चुकवून वन्संनी ओढणीत बांधून भाकरी वर पाठवली. मला कुठे माहीत होतं हे? तीस वर्षं संसार केला, ह्यांनी कधी सांगितलं नाही. मला ते मोठे झालेलेच मिळाले. लहानपणीचे ते फक्त त्यांच्याकडेच आहेत."

"मग अशीच जा ना खाली. भाजी कशाला पाहिजे?"

"अशीच कशी जाऊ? त्या काय म्हणतील? आणि त्या बोलल्या होत्या ते मी विसरलेय असं वाटेल त्यांना." नाक पुसलं. "विसरलेली नाहीये मी."

मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. माझ्या वस्तूमुळे माझ्या आईचा नवरा पुन्हा गेला, असं काहीतरी डोक्यात आलं. लिहून ठेवते, कारण मला ते तसंच वाटलं.

८ ऑक्टोबर

ऑफिस. खोकं आलं, पांढरं, वर फळीचा फोटो. रंगवाला पुदिन्याचा हिरवा रंग घ्या म्हणून मागे लागलाय. कंपनीचा माणूस हसून बोलला, पहिल्यांदाच. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची वस्तू." मला छान वाटलं. खरंच छान वाटलं, त्यात खोटं काय.

संध्याकाळी आत्याकडे जाऊन फळी धुऊन, पाय घासून, दाबून बसवली. माझ्या दोन्ही हातांनी ओढून बघितली. आत्या बाजूला उभी होती. म्हणाली, "परवा तुझे साहेब आले की तुझी आईही येईल का बघायला?" म्हटलं, नाही बहुतेक. तिला कशाला यायचंय.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली.

९ ऑक्टोबर

सकाळी बेल वाजली. दारात आत्या. दोन मजले चढून धाप लागलेली, चांगल्या हातात कोबीची पिशवी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट आत, आईकडे— "वहिनी, ती हिची फळी सरकते गं."

आई उठली. "या वन्सं. आत या." आणि टेबलावरची माझी कागदं गोळा करून जागा केली.

मी जिन्यात जाऊन सरांना फोन लावला. उद्या येऊ नका, म्हटलं, नापास झाली. सरांनी कारण विचारलं.

म्हटलं, सरकते.