तेलाचा शेवटचा हात

१९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आत्याचे खूप खूप आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू फोन केलास की मी "हात तेलाचे आहेत" म्हणून ठेवून देते, त्याचा राग आला असेल. यायलाच हवा. हात तेलाचे असतात हे खरं, पण तेवढंच काही खरं नाही.

तुझं धनुष्य झालं. कारखान्यातल्या खिडकीपाशी टांगलंय. जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचं, बारीक पॉलिश पेपरने घासायचं, की पुन्हा तेल. घाई केली की चिकट राहतं. मांजरीला हाकलून हाकलून थकले, तरी मुठीपाशी तिचे दोन केस बसलेच. आता ते तुझेच.

दुपारी ऊन तिरपं आत येतं तेव्हा मी चिंधी घेऊन बसते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरत राहतो आणि डोळे जड होतात. लाकूड हळूहळू चहाच्या रंगाचं होत जातं. मग तू दिसतेस, मोकळ्या मैदानात. लहान नाही, मोठीही नाही, नुसती तू. दोरी ओढतेस, सोडतेस आणि बाण जातच राहतो, कुठे लागतच नाही. आपण दोघी त्याच्याकडे बघत बसतो. कुणालाच कसली घाई नसते. चिंधी हातातून पडते तेव्हा जाग येते.

तर सांगायचं ते असं. तेल लागलं की धनुष्य झालं, त्यावर मग लाकूड खरवडायचं पातं फिरवत नाहीत. म्हणून तेलाचा डबा मी किती दिवस उघडलाच नव्हता. "पूर्वीइतकंच कडक कर हं आत्या," असं तू सांगितलं होतंस आणि मी तसंच केलंही होतं. मग तू भेटायला आलीस, खांद्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचललास. मानेवर एक केस सहन न होणारी तू, केस मोकळेच सोडून आली होतीस. तुझी आई म्हणाली, नवीन फॅशन आहे. तुझा बाप पेपरात तोंड घालून बसला. आणि मी शहाणी, चहात साखर किती घालू म्हणून विचारत होते. लाज वाटते गं मला त्याची.

तू गेलीस आणि मी पातं हातात घेतलं. लाकूड जितकं पातळ, तितकं धनुष्य नरम. थोडं खरवडायचं, दोरी चढवून ओढून बघायचं. आता पुरे म्हणायचे आणि तो तांब्या आठवायचा. पुन्हा खरवडायचे. तुझ्या बापाचा फोन आला, इतक्यात तिला खांद्याचं काही बोलू नकोस, खचेल पोरगी. मी नुसतं हं म्हटलं.

पण दोरी ओढलीस की तुला पहिल्या झटक्यात कळणार. तुला कोण फसवणार त्यात? म्हणून आधीच सांगते. हे तुझ्या जुन्या धनुष्याच्या निम्म्याइतकंच कडक आहे. तुझा खांदा आज जसा आहे, तसं. तुला न विचारता केलं, कारण विचारलं असतं तर तू पूर्वीसारखंच हवं म्हणाली असतीस आणि मला नाही म्हणता आलं नसतं. मग ते कडक धनुष्य तुझ्या भिंतीवर जन्मभर टांगलेलं राहिलं असतं. ते मला बघवलं नसतं, टिल्लू.

काल शेवटचा हात दिला. परवा पाठवते.

मला एकच भीती आहे. तू ते एकदा ओढशील, कळेल तुला, आणि खाली ठेवून देशील. तसं करू नकोस. मला शिव्या घाल, बापाशी भांड, रडायचं तेवढं रड, पण ते हातात धरून रड. अजून हलकं हवं असेल तर बिनधास्त कळव. तेल खरवडून काढीन, पुन्हा पातं फिरवीन, पुन्हा तेल लावीन, हवं तितक्यांदा. जास्त कडक मात्र ते आता होणार नाही.

तुझ्या आजच्या खांद्यावर जीव असलेली,
आत्या